अळू समजून लावलेला होस्टा

आमच्या न्यू जर्सीतल्या घराची उत्तरेकडची बाजू पहिली दोन वर्षं मी धड पाहिलीही नव्हती. भिंत आणि कुंपण यांच्यामधली बारा-तेरा फुटांची पट्टी, वर शेजारच्या मेपलची आणि आमच्या ओकची सावली, खाली शेवाळ. गवत पेरलं की महिन्याभरात विरळ व्हायचं. पाऊस पडून गेला की दोन-दोन दिवस तिथली माती चपलेला चिकटायची.

चिपळूणजवळच्या आमच्या घरी अशी जागा कधी मोकळी राहिली नाही. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे अळू आणि केळ, त्यापलीकडे हळद. अळवाला कुणी मुद्दाम पाणी घातलेलं मला आठवत नाही. पाऊस लागला की ते आपलं आपण माजायचं आणि श्रावणात आई रोज कोवळी पानं खुडून आणायची. त्यामुळे ओल आणि सावली म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अळूच येतं. इथेही मी इंडियन ग्रोसरीतून आणलेले अळकुडीचे गड्डे लावून पाहिले. उन्हाळाभर पानं आली, पण ऑक्टोबरच्या अखेरीस पहिलं दहिवर गोठलं त्या सकाळी सगळी पानं उकडल्यासारखी काळी पडून आडवी झाली.

2013 च्या एप्रिलमध्ये कुंपणापलीकडच्या आजींनी मला होस्टाचा, म्हणजे सावलीत पानांसाठी लावतात त्या झाडाचा, एक ठोंब दिला. त्या तेव्हा पंच्याहत्तरीच्या होत्या आणि त्यांची निम्मी बाग सावलीत होती. गवती चहाचा ठोंब कुदळीने फोडून देतात तसा त्यांनी तो फोडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. वर सात-आठ कोंब होते, बोटभर उंचीचे, टोकदार, जांभळट. पंधरा दिवसांत त्या कोंबांच्या सुरळ्या उलगडल्या. केळीचं पोंग्यातलं पान उलगडतं ना, अगदी तसं. आतून हिरव्या पानाला पांढरी कड. मे अखेर तो ठोंब दोन फूट पसरला होता. पानाच्या शिरा ठसठशीत, देठाकडून निघून टोकाकडे कमानीसारख्या वळत गेलेल्या. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, ‘‘अळूच्याच जातीचं दिसतंय गो. मोरीच्या पाण्यावर लाव.’’

आणि मी तेच केलं. छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे खाली उतरतं तिथे, सगळ्यात ओलसर जागी, तो ठोंब लावला.

अळवाला पाण्यात उभं राहायला आवडतं. होस्टाला ओलावा लागतो, पण साचलेलं पाणी सोसत नाही. हा फरक मला पहिल्याच हिवाळ्याने शिकवला. 2014 चा जानेवारी इथे फार कडक गेला. पन्हळीखालचं पाणी गोठायचं, दुपारी थोडं वितळायचं, पुन्हा गोठायचं. एप्रिलमध्ये सगळीकडे कोंब वर आले तेव्हा माझ्या ठोंबाच्या जागी काहीच नव्हतं. बोटाने माती उकरली तर गड्ड्याचा माथा मऊ पडलेला, कुजक्या कांद्याचा वास येणारा. आजी कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी खुरपं मागून घेतलं, आख्खा गड्डा उपसला, सडलेलं सगळं कापून टाकलं आणि कडेचा एक पांढराशुभ्र मुळांचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्याला एकच डोळा होता. आज माझ्याकडे पांढऱ्या कडेचे जे अकरा ठोंब आहेत ते सगळे त्या एका डोळ्याचे.

मग मी नीट शिकायला बसले. पहिली गोष्ट मातीची. आमच्या भागातली माती तांबडी आहे आणि तिचा रंग बघून मला कायम घरची आठवण यायची. पण आपली तांबडी माती जांभ्याची, पाणी पिऊन खाली सोडून देणारी. इथली तांबडी शेल दगडाची, चिकण. वसंतात लोण्यासारखी आणि ऑगस्टमध्ये विटेसारखी. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवला. तिथून आलेल्या कागदावर लिहिलं होतं ते थोडक्यात असं, की माती किंचित आम्ल आहे, तेवढी होस्टाला चालते, पण सेंद्रिय भाग फार कमी आहे.

तो भरून काढायला पैसे लागले नाहीत. नोव्हेंबरात इथे प्रत्येक जण पडलेली पानं रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवतो आणि नगरपालिकेची गाडी ती घेऊन जाते. मी आमची पानं देणं बंद केलं. कोंबड्यांच्या जाळीचा चार फूट व्यासाचा गोल उभा केला आणि त्यात ओकची पानं दाबून भरली. पहिल्या वर्षी ढीग नुसता खाली बसला. दुसऱ्या वर्षी तळाशी हात घातला तर काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीचा वास असलेलं खत हाताला लागलं. शेणखताइतकं ते कसदार नसतं, पण चिकण मातीला मोकळं करायला त्याच्यासारखं काही नाही. ओल धरून ठेवतं आणि जास्तीचं पाणी सोडूनही देतं. होस्टाला नेमकं हेच हवं असतं.

खड्डा खणताना मी सवयीने खोल खणत असे. होस्टाची मुळं खाली कमी जातात, आडवी जास्त पसरतात, म्हणून खड्डा रुंद हवा. परातीसारखा, घागरीसारखा नाही. गड्ड्याचा माथा जमिनीच्या बरोबरीने राहिला पाहिजे. खोल गेला की पुन्हा कुजण्याची भीती. ओकखाली खणणं सोपं गेलं, कारण त्याची मुळं खोल असतात. मेपलखाली मात्र फावडं आत जाईना. मेपल वरच्या सहा इंचांतच बारीक मुळांची चटई विणतो आणि तुम्ही घातलेलं सगळं पाणी नि खत स्वतः पितो. तिथे लावलेले दोन होस्टा तीन वर्षांत वाढण्याऐवजी लहान होत गेले. शेवटी ते काढून मोठ्या कुंड्यांत लावले आणि कुंड्या मेपलखाली विटांवर ठेवल्या. आता ते बरे आहेत, पण दरवर्षी कुंडीत घुसलेली मेपलची मुळं कापावी लागतात.

मधल्या काळात मी या झाडाबद्दल मिळेल ते वाचत होते. मूळ जपान, कोरिया आणि चीनचं. निकोलाउस थोमास होस्ट या ऑस्ट्रियन डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून 1812 मध्ये त्याला हे नाव मिळालं. नागासाकीच्या डच वखारीत डॉक्टर असलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्डने 1830 च्या सुमारास जपानहून युरोपात आणलेल्या झाडांत होस्टाही होते. जपानीत त्याला ‘गिबोशी’ म्हणतात. पुलांच्या कठड्यांवर कांद्याच्या आकाराचे छोटे कळस असतात, त्यांचं ते नाव, कारण फुलाचा दांडा वर येताना कळ्यांचा गुच्छ तसाच दिसतो. जूनमध्ये दांडा वर आला की मी आता मुद्दाम तो कळस बघायला जाते.

2015 पासून मी विकतही घ्यायला लागले. सावलीत रंग कुठून आणायचा, हा प्रश्न होस्टाने सोडवला. पिवळा, पोपटी, निळसर, पांढऱ्या कडेचा, पिवळ्या कडेचा. ‘सम अँड सब्स्टन्स’ घेतला, पोपटी, एकेक पान पत्रावळीएवढं. ‘ब्लू माउस इअर्स’ घेतला, तळहातावर मावणारा. पिवळट कडेचा ‘फ्रान्सेस विल्यम्स’ घेतला. त्याची ही वेगळी कड याच नावाच्या बाईंनी 1936 मध्ये कनेक्टिकटमधल्या एका रोपवाटिकेत हेरली होती. त्याची ती देखणी कड मात्र वसंतातल्या उन्हा-वाऱ्याने करपते. माझ्याकडे दर वर्षी करपली, आणि आता मी तो कुणाला घ्या म्हणत नाही.

माझा सर्वांत आवडता ‘हाल्सियन’. निळा म्हणतात, पण पानात निळा रंग नसतोच. पानावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, द्राक्षावर किंवा जांभळावर असतो तसा, आणि त्यावर उजेड पडून पान निळं दिसतं. एकदा मे महिन्यात मी पानावरची धूळ पुसायला म्हणून ओल्या फडक्याने एक पान हलकेच पुसलं. जिथे फडकं फिरलं तिथे साधा गर्द हिरवा पट्टा उमटला आणि पानं सुकेपर्यंत तो तसाच राहिला. पुसलेलं मेण परत येत नाही. ऊन, जोराचा पाऊस, पाइपचं पाणी, सगळ्यांनी ते झिजतं, म्हणून ऑगस्टमध्ये निळे होस्टा हिरवे दिसायला लागतात. तेव्हापासून मी पाणी पानांवर न घालता मुळाशीच घालते आणि निळे होस्टा भिंतीच्या कडेला सर्वांत गर्द सावलीत ठेवते. पिवळ्यांना त्याउलट सकाळचं दोन-तीन तास ऊन लागतं, नाहीतर ते हिरवट राहतात. मिट्ट काळोखात मात्र कुठलाच वाढत नाही. सावली म्हणजे पानांतून झिरपणारा उजेड, हे लक्षात ठेवायचं.

2016 च्या जूनमध्ये एका सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दाराने बाहेर आले आणि तशीच उभी राहिले. सगळ्या वाफ्यात पान म्हणून नव्हतं. फक्त देठ उभे होते, फूट-फूट उंचीचे, वरून सरळ तोडलेले. आदल्या संध्याकाळी मी तिथे फोटो काढले होते. ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. हरणांनी एका रात्रीत तीन वर्षांचं काम खाल्लं होतं. झाडं मेली नाहीत, गड्ड्यात साठा असतो, महिन्याभरात थोडी पानं पुन्हा आली, पण त्या वर्षी ती लहानच राहिली. कुठली झाडं हरणं खातात आणि कुठली सोडतात याची रटगर्सचीच एक यादी आहे. त्यात होस्टा सर्वांत वाईट गटात आहे. हे मी लावण्याआधी वाचायला हवं होतं.

आता एप्रिलच्या मध्यापासून, कोंब चार बोटं वर आले की, मी सडक्या अंड्यांच्या वासाचं औषध फवारते. दर तीन आठवड्यांनी, आणि जोराचा पाऊस झाला की लगेच. सुकलं की आपल्याला वास येत नाही, हरणांना येतो. शिवाय रस्त्याकडच्या तोंडाला काळी जाळी लावली आहे. दोन्ही केल्याशिवाय भागत नाही. एका वर्षी गावाला गेल्यामुळे फवारणीला दहा दिवस उशीर झाला आणि कडेचे चार ठोंब गेले.

गोगलगायींचा त्रास वेगळा. इथे शंख नसलेल्या, करड्या, बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी असतात. दिवसा एक दिसत नाही. सकाळी पानांवर शिरांच्या मधोमध भोकं आणि चकचकीत वाळलेला माग. रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन गेले तर एकेका पानाखाली पाच-सहा. आई म्हणाली, ‘‘मीठ टाक वर.’’ मीठाने गोगलगाय मरते, पण माती खारावते आणि होस्टाची मुळंही. मग मी पहिले काही आठवडे चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. उपयोग झाला तो तीन गोष्टींनी. संध्याकाळी पाणी घालणं बंद केलं आणि सकाळी सहा-सातला घालायला लागले, म्हणजे रात्री वरची माती कोरडी असते. ऑक्टोबरात पानं पिवळी पडून लोळली की ती सगळी उचलून टाकते, कारण त्यांची अंडी त्याखालीच राहतात. आणि एप्रिलमध्ये कोंब दिसताच आयर्न फॉस्फेटचे दाणे थोडे विखुरते. जाड पानांच्या जाती त्यांना आवडत नाहीत, ‘हाल्सियन’ला फारसं भोक पडत नाही. पातळ पानांच्या मात्र चाळण्या होतात.

आईला होस्टा फार आवडला होता. ती दर फोनवर विचारायची, येताना एक गड्डा आणशील का म्हणून. मी तिला समजावलं की परवान्याशिवाय आणि वनस्पतीच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय असं झाड भारतात आणता येत नाही, आणि ते बरोबरही आहे. रोग असेच देशोदेशी जातात. पण मला स्वतःलाही बघायचं होतं की हे झाड थंडीवाचून जगतं का. म्हणून 2016 च्या ऑक्टोबरात पांढऱ्या कडेचा एक छोटा ठोंब कुंडीत भरला आणि घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. घर हिवाळाभर वीस-एकवीस अंशांवर. पानं पिवळी पडायला डिसेंबर उजाडला. मार्चमध्ये दोन कोंब आले, बारीक, फिकट, एकमेकांना टेकलेले. मेमध्ये बाहेरचे ठोंब परातीएवढे झाले तेव्हा कुंडीतल्याला चार पानं होती. पुढचा हिवाळाही तो घरात राहिला आणि त्या वसंतात वर आलाच नाही.

होस्टाला झोप लागते. साधारण सहा आठवडे तरी पाच अंशांच्या खालची थंडी मिळाली नाही तर गड्डा धड जागा होत नाही. चिपळूणची थंडी म्हणजे पहाटे अंगावर घ्यायची एक शाल. तिथे हे झाड सावली, ओल, खत सगळं मिळूनही झुरून जाईल. आईला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘मग राहू दे त्याला तिथंच. उगाच बिचाऱ्याला जागरण.’’

आता सांगायची ती सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट. 2017 च्या वसंतात एका मोठ्या दुकानात ‘गोल्ड स्टँडर्ड’ स्वस्तात मिळाला, पिवळं पान, हिरवी कड. पानावर शिरांच्या बाजूने शाई फुटावी तसे हिरवे ओघळ होते. मला वाटलं, नक्षी आहे. उलट त्या नक्षीसाठीच मी तो निवडला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याची विभागणी केली आणि त्याच सुरीने, न धुता, आणखी चार ठोंब फोडले.

2019 च्या जूनमध्ये त्या चारांतल्या दोघांच्या पानांवर तेच ओघळ दिसले. पान जिथे ओघळलं होतं तिथे पातळ आणि सुरकुतलेलं होतं. मग वाचलं आणि पोटात गोळा आला. होस्टा व्हायरस एक्स. मिनेसोटा विद्यापीठात 1996 मध्ये हा विषाणू ओळखला गेला. तो झाडाच्या रसातून पसरतो, म्हणजे सुरी, कात्री, खुरपं, पान तोडलेला हात. लक्षणं दिसायला कधी दोन-तीन वर्षं लागतात, तोवर झाड निरोगी दिसतं. औषध नाही. तपासणीच्या पट्ट्या मागवल्या. पानाचा तुकडा द्रवात चुरडून पट्टी बुडवायची, दुसरी रेघ उमटली की रोग आहे. पाचही झाडांच्या पट्ट्यांवर दोन रेघा आल्या.

मी ती पाचही मुळांसकट खणून काढली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधली आणि कचऱ्यात दिली. खताच्या ढिगात ती टाकायची नसतात. मातीत राहिलेलं मूळही विषाणू जपून ठेवतं, म्हणून त्या जागी मी पुन्हा होस्टा लावला नाही. तिथे आता नेचे आहेत. माझ्याकडून रोग पसरला होता याचं मला फार वाईट वाटलं, कारण त्या चारांतला एक आजींच्या ठोंबाचा होता. तेव्हापासून दोन झाडांच्या मध्ये सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडते, एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आणि फुलांचे दांडे कापतानाही तेच. दुकानात ज्या पानावर अशी शाई फुटलेली दिसते ते झाड मी घेत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगते.

विभागणी मी एप्रिलमध्येच करते, कोंब दोन-तीन इंच वर असताना. तेव्हा पानं उलगडलेली नसतात, मोडत नाहीत. आख्खा ठोंब काट्याने उचलायचा, पाइपखाली मुळं धुऊन घ्यायची, म्हणजे कोंब कुठून फुटला आहे ते दिसतं. मग दोन-तीन डोळ्यांचा एकेक तुकडा, प्रत्येकाला भरपूर मुळं. पहिलं वर्ष तो तुकडा जेमतेम तग धरतो, तिसऱ्या वर्षी भरतो, आणि मोठ्या जातीचं खरं रूप पाच-सहा वर्षांनी दिसतं. ‘सम अँड सब्स्टन्स’ मी दोनदा घाईने फोडला आणि दोनदा त्याला मागे नेलं. त्याला हात न लावलेला बरा.

4 ऑगस्ट 2020 ला इसाइअस वादळ न्यू जर्सीवरून गेलं. दुपारी तासाभरात सगळा वारा वाहून गेला, आणि बाहेर येऊन बघते तर मेपलची सर्वांत मोठी फांदी कुंपणावर आडवी. खाली सापडलेले होस्टा चिरडले होते, पण खरं नुकसान पुढच्या आठवड्यात झालं. सात वर्षं सावलीत वाढलेल्या पानांवर भर दुपारचं ऊन पडलं. चार दिवसांत कडा तपकिरी, आठ दिवसांत पानं कागदासारखी. पांढऱ्या कडेचे आणि निळे आधी करपले. घरात एक जुनी पांढरी सुती साडी होती, ती चार काठ्यांवर बांधून सप्टेंबरपर्यंत मांडव घातला. ऑक्टोबरात कुंपणाच्या त्या भागात डॉगवुडचं रोप लावलं. त्याची सावली आता कुठे पुरायला लागली आहे.

पाण्याची खरी परीक्षा 2024 च्या ऑक्टोबरात झाली. न्यू जर्सीत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो सर्वांत कोरडा महिना. होस्टा तेव्हा निजायच्या बेतात असतो, पानं तशीही पिवळी, म्हणून आपण पाणी तोडतो. मी आठवड्याला इंचभर पाण्याचा हिशोब नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालू ठेवला, न्हाणीतलं बादलीत धरलेलं पाणीसुद्धा घातलं. भिंतीलगतच्या, हात न पोचणाऱ्या तिघांना तेवढं मिळालं नाही आणि 2025 च्या वसंतात ते निम्मेच उगवले.

खाण्याची गोष्ट राहिली. जपानात, विशेषतः यामागाता भागात, होस्टाचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात, ‘उरुइ’ म्हणतात. अळवाच्या घरातल्या बाईला हे कळल्यावर राहवणं शक्य नव्हतं. पण आधी सावधगिरीचं. कुत्र्या-मांजरांना होस्टा बाधतो, घरात असतील तर जपायला हवं. आणि रानातून कोंब कधीच आणायचे नाहीत. व्हेराट्रम नावाच्या विषारी झाडाचे कोंब तसेच दिसतात, जपानात त्यावरून माणसांना विषबाधा होते, आणि त्याचा एक भाऊबंद इथल्या ओढ्याकाठीही उगवतो. मी फक्त माझ्या लावलेल्या, त्या वर्षी काही न फवारलेल्या ठोंबाचे घेतले. बारा कोंब, पाच इंचांचे, सुरळी घट्ट असतानाचे. बोटाएवढे तुकडे केले, लसणीची फोडणी, हिरवी मिरची, मीठ, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं, वर ओलं खोबरं. कुरकुरीत राहिले आणि आत किंचित बुळबुळीत, भेंडीच्या पहिल्या वाफेसारखे. चिंच घालायची गरज पडली नाही, कारण घशाला खाज नाही. अळवाचं ते एक लक्षण त्यात नव्हतं.

नसणारच. हे अळूचं नातेवाईक नाहीच. ते मला एका वासाने कळलं.

‘प्लांटाजिनिया’ हा चीनमधला होस्टा मी 2019 मध्ये, रोगाच्या त्या उन्हाळ्यात, आजींच्या सांगण्यावरून लावला. पानं साधी पोपटी, चकचकीत. इतर बहुतेक होस्टांची फुलं जुलैत येतात, फिकट जांभळी, बिनवासाची, मी त्यांचे दांडे बरेचदा कापूनही टाकते. याची ऑगस्टमध्ये येतात. कळी चार-पाच इंच लांब, पांढरी, टोकाला जाड. चिनी भाषेत याला ‘यूझान’ म्हणतात, म्हणजे रत्नाची केसांत खोवायची सळई. आपल्याकडे अंबाड्यात आकडा खोवतात तशीच ती दिसते. 2021 च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा फुललं. संध्याकाळी साडेपाचला मी पाइप गुंडाळत होते आणि एकदम थांबले. माझ्या आजीच्या खोलीतला वास. तिच्या कोनाड्यात तांब्यात निशिगंधाची काडी असायची, तो वास, फक्त थोडा हलका, मधाकडे झुकलेला.

घरात जाऊन शोधलं. होस्टा शतावरीच्या कुळातला, आणि त्यातही ज्या उपकुळात निशिगंध आणि बांधावरचं घायपात येतं, त्याच उपकुळातला. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला अळूचा परदेशी भाऊ समजून मोरीच्या पाण्यावर लावत होते, तो निशिगंधाचा निघाला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘पान बघून सोयरीक जुळवली आपण.’’

2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला होते. मखराच्या मागे मी ‘सम अँड सब्स्टन्स’ची नऊ पानं लावली, देठ पाण्यात ठेवले की ती आठवडाभर ताठ राहतात. हळदीची पानं इंडियन ग्रोसरीत मिळाली, पातोळ्या त्यांच्यातच झाल्या, तिथे होस्टाच्या पानाचं काम नाही. सकाळी प्रतिष्ठेच्या वेळी ‘प्लांटाजिनिया’चं एकही फूल उघडलेलं नव्हतं, नुसत्या कळ्या. संध्याकाळच्या आरतीला लोक यायच्या आधी मी बाहेर जाऊन पाहिलं, एका दांड्यावर दोन उमलली होती. ती खुडून एका वाटीत मूर्तीपुढे ठेवली. आजी काठी टेकत आल्या होत्या, त्यांनी दारातच नाक वर केलं आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती दोन्ही फुलं मलूल झाली, आणि संध्याकाळी त्याच दांड्यावर पुढच्या दोन कळ्या उघडल्या.